पहिल्या दिवसाचा डाग

अक्काच्या घराचं कुलूप काढून बबी आत आली तेव्हा आधी वास आला, ताज्या रंगाचा. तिला बरं वाटलं. रंगारी वेळेवर येऊन काम उरकून गेला होता, म्हणजे तेवढी एक कटकट मिटली. चपला काढता काढता तिने दिवाणखान्यात डोकावलं आणि एक पाय चपलेत, एक बाहेर, अशीच ती उभी राहिली.

खिडकीजवळची भिंत कोरी होती.

खुर्ची जागच्या जागी होती. लाकडी हातांची, बुटक्या पाठीची, भावोजींची. पण तिच्या मागे, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल त्या उंचीवर एक तेलकट डाग होता, तो नव्हता. भावोजी रोज संध्याकाळी कामावरून आले की त्या खुर्चीत बसायचे, डोकं मागे टेकवायचे आणि डोळे मिटून रेडिओ ऐकायचे. केसांना तेल चोपडायची त्यांना लहानपणापासूनची सवय. इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्याने भिंतीवर आपली जागा करून ठेवली होती. ते गेल्यावर अक्काने त्यांचे कपडे वाटले, चष्मा देऊन टाकला, रेडिओसुद्धा शेजारच्यांना दिला. भिंतीला मात्र तिने हात लावला नाही. एरवी आरशावर बोटाचा ठसा दिसला तरी घर डोक्यावर घेणारी बाई, पण केर काढताना त्या डागाच्या बाजूबाजूने फडकं फिरवायची.

शूटिंगसाठी घराची किल्ली देताना अक्काने एकच अट घातली होती. "बाकी घर पार उलटंपालटं करा, मला चालेल. त्या भिंतीला तेवढा हात लावू नका."

"अक्का, मला कळत नाही का?" बबी म्हणाली होती.

बबी चित्रपट काढायची. काढायची म्हणजे दिग्दर्शक नव्हती, निर्माती होती, आणि तीही कुठल्या कंपनीची नाही, स्वतःच्या जिवावरची. अशा निर्मातीचं भांडवल काय, असं कोणी विचारलं तर ती हसून "तोंड" म्हणायची. ते काही खोटं नव्हतं. तिने आजवर जे चित्रपट काढले ते लोकांच्या घरांत, लोकांच्या दुकानांत, लोकांच्या गाड्या घेऊन. युनिटमध्ये तिला मागून "उसनवार मॅडम" म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. पण उसनं घेतलेलं ती चोख परत करायची, इतकं चोख की लोक पुन्हा द्यायला तयार असत. एका दातांच्या डॉक्टरांना दवाखाना परत मिळाला तो कुरकुरणारा पंखा दुरुस्त होऊनच. एका शाळेला बाकं नव्याने रंगवून मिळाली. "घेतलं त्याहून चांगलं परत," हा तिचा युनिटला कायमचा हुकूम होता. शेवटचा शॉट झाला की रंगारी, सुतार, सफाईवाले आपोआप कामाला लागत, तिला वेगळं सांगावं लागत नसे.

या वेळीही तिने वेगळं काही सांगितलं नव्हतं.

ती खुर्चीपाशी गेली. भिंतीवर बोट टेकवलं. गुळगुळीत, थंड, कोरडी. थोडं वाकून, तिरक्या नजरेने, उजेडाच्या विरुद्ध बाजूने बघितलं तर काही दिसतं का ते तिने पाहिलं. काही दिसत नव्हतं. तिने रंगाऱ्याला फोन लावला.

"हॉलमधल्या भिंतीवर डाग होता ना?"

"होता की! काय डाग होता, बाई!" रंगारी खुशीत आला. "दुसरा कोणी असता तर त्याने वरून दोन हात मारून दिले असते. पण तेलाचा डाग असा जात नाही, महिन्याभरात पुन्हा वर येतो. म्हणून मी आधी खरवडून काढला, पार आतल्या सिमेंटपर्यंत. मग पुट्टी, मग घासकाम, मग रंग. आता शोधून सापडणार नाही."

"तिथे कागद नव्हता का लावलेला? हात लावू नये म्हणून?"

"कागद? नाही बुवा. का, काही राहिलं का?"

"नाही," बबी म्हणाली. "काम छान झालंय."

कागद होता. तिने स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून डागाच्या बाजूला चिकटवला होता. आणि पहिल्याच दिवशी, कॅमेरा लागल्यावर, दिग्दर्शक ओरडला होता, "फ्रेममध्ये कागद दिसतोय, काढा तो!" कोणीतरी काढला. तो परत लावायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. सगळ्या युनिटला तो डाग तोंडपाठ होता, कागदाची गरज कोणाला होती? रंगारी मात्र युनिटचा नव्हता. तो आला तेव्हा सगळे गेलेले.

अक्का संध्याकाळच्या बसने येणार होती. आणि बबी आज इथे आली होती ती काही रंग बघायला नव्हे. दिग्दर्शकाने काल संकलन बघितलं होतं आणि त्याला शेवटाला एक शॉट हवा होता. म्हातारा खुर्चीत बसलाय, डोकं भिंतीला टेकलंय, डोळे मिटलेले. बस, एवढंच. "एवढं मिळालं की पिक्चर झाला, ताई. नाहीतर शेवट लंगडा आहे," तो म्हणाला होता. म्हाताऱ्याचं काम करणारा नट परवा परदेशी लेकाकडे जात होता, सहा महिन्यांसाठी. म्हणजे उद्याच काय ते. म्हणजे आज अक्का आल्या आल्या तिच्याकडे आणखी एक दिवस घर मागायचं, आणि मागायचं या भिंतीसमोर उभं राहून.

आधी बबीने खिडकी बंद केली, मग उघडली. मग कलादिग्दर्शकाला फोन केला.

कलादिग्दर्शकाला सगळे काडी म्हणत, कारण अंगकाठी तशीच होती. तो आला, खांद्यावरची पिशवी उतरवली आणि भिंत बघून शीळ घालायला तोंडाचा चंबू केला, पण बबीचा चेहरा बघून तो तसाच मिटला.

"पुसला?"

"खरवडला."

"बहिणीला माहितीये?"

"यायचीये ती. संध्याकाळी."

काडीने खुर्ची बाजूला ओढली, मांडी घालून भिंतीसमोर बसला आणि डोकं खाजवलं. "होईल, मॅडम. माझ्याकडे फोटो आहेत. उद्याच्या शॉटला असाही लागणारच आहे. एका दगडात दोन पक्षी."

हा विचार बबीच्याही मनात येऊन गेला होता. काडीच्या तोंडून आल्यावर तो तिला जरा कमी लाजिरवाणा वाटला.

शूटिंगमध्ये प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर सगळ्या वस्तूंचे फोटो काढतात, म्हणजे आज अर्धा झालेला प्रसंग उद्या पुढे नेताना कप उजवीकडचा डावीकडे गेलेला नसतो. काडीने टॅबवर ते फोटो उघडले. डाग प्रत्येकात होता. बबीला हायसं वाटलं. काडी मात्र एक फोटो मोठा करायचा, मग दुसरा मोठा करायचा, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडत होत्या.

"काय झालं?"

"कुठला काढू?"

"कुठला म्हणजे?"

"पहिल्या दिवसाचा की शेवटच्या?"

त्याने दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या दिवशीचा डाग लांबट होता, अंड्यासारखा, थोडा डावीकडे कललेला. भावोजींना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून उजवा कान रेडिओकडे करून ते मान कलती ठेवायचे. शेवटच्या दिवशीचा डाग गोल होता. मोठा होता. मधोमध होता.

"आपला म्हातारा," काडी म्हणाला. "रोज डोक्याला तेल लावून टेकत होता ना. मेकअपवाला तर वाटीभर ओतायचा. त्याचा डाग यांच्या डागावर चढला."

बबी फोटोंकडे बघत राहिली. म्हणजे रंगारी आला तेव्हा भिंतीवर भावोजी निम्मेच उरले होते. ते रोज थोडे थोडे पुसले जात होते, आणि ती तिथेच, कॅमेऱ्यामागे खुर्ची टाकून, "वा, काय सुंदर दिसतंय" म्हणत बसली होती. तिच्या डोळ्यांदेखत. तिला एकदाही दिसलं नव्हतं.

"उद्याच्या शॉटला शेवटच्या दिवसाचा लागेल," काडी म्हणाला. "नाहीतर जुळणार नाही. बहिणीला पहिल्या दिवसाचा. आता तुम्ही सांगा."

"आज पहिला काढ. उद्या सकाळी तो वाढव."

"आणि शॉट झाल्यावर परत लहान करू?"

बबीने टॅब त्याच्याकडे सरकवला.

"नाही, विचारलं आपलं," काडी म्हणाला आणि रंग काढायला लागला.

आता रंगाचं भांडण सुरू झालं. फोटोतला डाग पिवळसर तपकिरी होता, पण फोटो शूटिंगच्या दिव्यांखालचे. ते दिवे पिवळे. घरातल्या उजेडात डाग कसा दिसायचा, याचा एकही फोटो नव्हता. काडीने बबीला विचारलं. तिने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. या घरात ती शेकडो वेळा येऊन गेली होती, जेवली होती, भांडली होती, याच खुर्चीसमोर बसून भावोजींशी पैजा लावल्या होत्या. आणि डोळ्यांसमोर येत होता तो टॅबवरचा फोटो.

"करडा होता का जरा?" काडीने विचारलं.

"असेल."

"असेल म्हणून कसं चालेल, मॅडम? डाग तुमच्या घरचा आहे."

पहिला प्रयत्न खिडकीच्या उजेडात झकास जमला. काडीने ट्यूब लावली तर तोच रंग हिरवट मारायला लागला. पुसला. दुसरा ट्यूबखाली बरा होता, तर दिवसा चहा सांडल्यासारखा दिसला. खरं तेल लावून बघू, असं बबीने सुचवलं. तेल नव्या गुळगुळीत रंगात मुरलंच नाही, ओघळ होऊन खाली आलं आणि दोघं जुनी वर्तमानपत्रं घेऊन धावली. काडी म्हणाला, "बघा, माणसाला काय तपश्चर्या लागली असेल."

मध्येच अक्काचा फोन आला. मागे बसचा घरघराट होता.

"निघाले गं. लेक सोडतच नव्हती, म्हटलं बाई, मला माझं घर हवं. तुझी माणसं गेली ना सगळी?"

"गेली, गेली."

"घर ठीक आहे ना?"

"अगदी तसंच आहे." हे तिच्या तोंडून इतकं सहज निघालं की काडीने ब्रश थांबवून तिच्याकडे बघितलं.

दुपार कलली तसा डाग जमत गेला. काडीने रंगात ग्लिसरीन घातलं, तेलाची चमक यावी म्हणून. कडा ओल्या स्पंजाने विरवल्या. खालच्या बाजूला, मानेपाशी, फोटोत एक फिकट रेघ होती, तीही घेतली. मग दोघं दारापर्यंत मागे गेली आणि तिथून बघितलं. ट्यूब लावून बघितलं, बंद करून बघितलं. खुर्ची परत जागेवर ठेवली. आणि आता कोणीतरी नुकतंच उठून आत गेलंय असं वाटत होतं.

"रात्रभर हात लावू देऊ नका," काडी पिशवी भरत म्हणाला. "ग्लिसरीन आहे, लवकर वाळत नाही." दारात तो घुटमळला. "मॅडम, एक सांगू?"

"नको."

"बरं," म्हणाला आणि गेला.

अक्का आली ती हाश्शहुश्श करत, दोन पिशव्या, एक छत्री आणि लेकीने बळेबळे दिलेलं एक कुंडीतलं रोप घेऊन. बबीने पिशव्या घेतल्या. अक्काने नाकाने वास घेतला. "रंग?"

"पॅसेजला खूप ओरखडे पडले होते सामानाचे. म्हणून सगळंच करून घेतलं."

"सगळंच?" अक्का रोप हातात तसंच धरून दिवाणखान्यात शिरली.

बबी तिच्या मागे थांबली. अक्काची पाठ तेवढी दिसत होती, आणि पाठीवरून काही कळत नाही. बबीने तीन उत्तरं तयार ठेवली होती. ते तर तिचं रोजचंच काम होतं, समोरच्याने काही विचारायच्या आत तीन उत्तरं तयार ठेवायची.

"अगं बाई," अक्का म्हणाली. तिचे खांदे खाली आले. "ठेवलीस की तू भिंत."

बबीने हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या.

"खरं सांगू, बबे? लेक म्हणत होती, आई, त्या सिनेमावाल्यांना काय कळतंय, पुसून टाकतील. मी म्हटलं, बबी आहे ना तिथे. पण धाकधूक होती हो. बसमध्ये नुसती धाकधूक." ती वळली. डोळे ओले होते आणि तोंडभर हसू होतं. "तसाच आहे. अगदी तसाच."

"अक्का, उद्या एक..."

"काय, अजून एक दिवस हवाय ना? तुझ्या तोंडावरच लिहिलंय. मागताना तुझं नाक कसं होतं ते तू पाळण्यात असल्यापासून मी बघतेय. घे बाई, घे. मी आतल्या खोलीत पडून राहीन."

म्हणजे काम झालं होतं. घर मिळालं, नट होता, डाग होता. उद्या दुपारपर्यंत शॉट मिळाला असता आणि चित्रपटाला त्याचा शेवट. बबीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटत नव्हतं.

अक्काने रोप खिडकीत ठेवलं, खुर्चीच्या मागे गेली आणि सवयीने, कुठल्याही विचाराशिवाय, हात उचलला. ती तो डागावर ठेवणार हे बबीला हात उचलायच्या आधीच कळलं. हे ती रोज करत असणार. कोणी नसताना.

"हात नको लावूस," बबी म्हणाली.

"का गं?"

"ओला आहे."

अक्काचा हात तसाच हवेत राहिला. "ओला कसा असेल?"

भिंत पुसून घेतली म्हणून, हे पहिलं उत्तर होतं. बाजूचा रंग अजून वाळला नाही, हे दुसरं. तिसरं काय होतं ते आठवेना. बबी खुर्चीच्या हातावर टेकली, मग ती भावोजींची खुर्ची आहे हे लक्षात येऊन उठली.

"तो त्यांचा नाही, अक्का. रंगाऱ्याने खरवडला. मला आज सकाळी कळलं. हा आमच्या काडीने काढलाय, फोटो बघून."

अक्का भिंतीकडे बघत होती. तिने हात खाली घेतला.

"पण मी म्हटलं, तसाच आहे," ती म्हणाली.

"हो."

"तू मला म्हणू दिलंस."

"अक्का..."

"मी तुझ्यासमोर उभी राहून म्हटलं, अगदी तसाच आहे. आणि तू नाक वर करून उद्याचं मागायला लागलीस."

बबी बोलत सुटली. कागद कसा लावला होता, कसा काढला गेला, रंगाऱ्याची चूक नाही, आणि आधीच नटाच्या डोक्याने डाग वाढला होता, तेही तिने सांगून टाकलं. न सांगितलं तरी चाललं असतं. पण एकदा गाठोडं सुटल्यावर काय ठेवायचं आणि काय नाही, हे तिला कळेना. शेवटी ती म्हणाली, "पहिल्या दिवसाचा खरा आहे, अक्का. सिनेमात आहे. मोठ्या पडद्यावर दिसेल, कायमचा राहील."

"मग मी काय करू?" अक्का म्हणाली. "रोज सकाळी केर काढायला थेटरात जाऊ?"

तिने आत जाऊन बादलीत पाणी आणलं, फडकं आणलं आणि बबीपुढे धरलं. "पूस."

बबीने पुसला. पाण्याचा रंग, दोन हातांत निघाला. काडीची सगळी दुपार बादलीत गढूळ होऊन बसली. खाली तीच भिंत निघाली, सकाळची, कोरी, थोडी चमकणारी. तिने कोरड्या फडक्यानेही पुसली, कारण अक्का बघत होती. अक्काने पदराने नाक पुसलं आणि खुर्ची ओढून खोलीच्या मध्यावर आणली, भिंतीपासून लांब, जिथे ती कधीच नव्हती.

बबीचा फोन वाजला. दिग्दर्शक. ती तो बंद करायला गेली.

"घे की," अक्का म्हणाली. "वाट बघत असेल बिचारा."

"ताई, बोललीस का?" दिग्दर्शक घाईत होता. "नटाला सकाळी आठला गाडी पाठवतोय. हो म्हणाली ना?"

बबीने अक्काकडे बघितलं. अक्का खुर्चीत बसली होती, मागे टेकायला काही नसल्यामुळे ताठ. ती काही बोलली नाही, डोळ्यांनीही नाही. एरवी बबीने फोन कानापासून बाजूला धरून, हलकेच, एकदा विचारून बघितलं असतं. सवय अशी जात नाही. तोंड उघडलंही.

"गाडी पाठवू नकोस," ती फोनमध्ये म्हणाली.

"का? काय झालं?"

"घर नाही मिळणार."

"अगं, सख्खी बहीण आहे ना तुझी? नीट विचार की! शेवट नाहीये आपल्याकडे, ताई, कळतंय का तुला?"

"कळतंय. आहे तेवढ्यात शेवट कर."

"लंगडा होईल!"

"होऊ दे," बबी म्हणाली आणि फोन ठेवला. इतक्या वर्षांत तिने दिग्दर्शकाला दुसऱ्यांचे खूप नकार सांगितले होते, स्वतःचा कधी नव्हता.

"मी नाही म्हटलं नव्हतं," अक्का म्हणाली.

"माहितीये."

"आता म्हणतेय. नाही."

"बरं."

अक्काने हात पुढे केला. बबीला आधी वाटलं, उठायला आधार हवाय. मग कळलं, किल्ली. तिने ती पर्समधून शोधून काढली आणि अक्काच्या तळहातावर ठेवली. अक्काने मूठ मिटली.

"रविवारी जेवायला ये," ती म्हणाली. "त्याच्या आधी नको. आणि येताना खालून बेल वाजव."